ताटावरची शपथ

पुण्याहून एसटीने कोल्हापुरात शिरताना कावळा नाका लागतो. चौकाचे कागदोपत्री नाव ताराराणी चौक, पण कंडक्टर आणि रिक्षावाले कावळा नाकाच म्हणतात. मधोमध ताराराणीचा अश्वारूढ पुतळा आहे. घोड्याचे पुढचे पाय हवेत, राणी खोगिरावर ताठ बसलेली. हे राज्य हिनेच उभे केले, असे गावातले शाळकरी पोरही सांगते. मग सहज मनात येते, आज नव्या राजवाड्यात राहणारे छत्रपती हिचेच वंशज असणार.

नाहीत. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर ताराबाईंच्या पोटचा एकच माणूस बसला, त्यांचा मुलगा शिवाजी, आणि त्यालाही १७१४ साली उतरवण्यात आले. त्यानंतर तीनशे वर्षांत त्या गादीवर ताराबाईंचे रक्त आले नाही. ज्यांचे आले त्यांची गोष्ट मोठी गुंतागुंतीची आहे. ती नेहमीच्या वंशावळीत सापडत नाही, कारण वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरत जाते आणि ही गोष्ट लेकींच्या आणि सुनांच्या वाटेने फिरते.

सीमाभागातल्या गावांत अजूनही कधीकधी हेळवी येतो. घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे राखणे हा त्याचा परंपरागत धंदा. ओसरीवर बसून तो मूळ पुरुषापासून सुरुवात करतो आणि आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी घरातल्यांनाही ठाऊक नसलेली नावे धडाधड सांगतो. ऐकणाऱ्यांचा ऊर भरून येतो. पण यादीत बहुतेक सगळे पुरुषच असतात. घरातल्या मुली लग्न होऊन दुसऱ्या घराच्या झाल्या आणि आलेल्या सुना ‘अमक्याची बायको’ म्हणून राहिल्या. कोल्हापूरच्या गादीची गोष्ट या रीतीने सांगायला घेतली, तर दर दोन-तीन पिढ्यांनी हेळव्याला थांबावे लागेल. म्हणून इथे ती माहेरच्या बाजूने सांगायची.

ताराबाईंचे माहेर कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या मोहित्यांचे. जन्म १६७५चा. वडील हंबीरराव मोहिते, शिवाजी महाराजांचे सरसेनापती. मोहित्यांच्या मुली भोसल्यांकडे देण्याची चाल त्याआधीची. शहाजीराजांच्या तुकाबाई मोहित्यांच्याच आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरची गादी स्थापली. पुढच्या पिढीत हंबीररावांची बहीण सोयराबाई शिवाजी महाराजांची राणी झाली. तिसऱ्या पिढीत हंबीररावांची लेक ताराबाई सोयराबाईंच्या मुलाला, राजारामाला दिली. म्हणजे ताराबाईंचे लग्न आतेभावाशी झाले. मराठा घरांत मामाची मुलगी करण्याची रीत होती, त्यामुळे यात कुणाला वावगे वाटले नसावे. आज एखाद्या लग्नपत्रिकेवर ही नाती लिहायची झाली, तर छापणारा दोनदा फोन करून विचारील.

हंबीररावांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १६८० साली शिवाजी महाराज गेल्यावर सोयराबाई आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवण्याचा घाट घातला. राजाराम हा हंबीररावांचा सख्खा भाचा. तरीही ते संभाजीराजांच्या बाजूला गेले आणि मंत्र्यांनाच त्यांनी धरले. पुढे १६८७ साली वाईजवळच्या लढाईत तोफेचा गोळा लागून ते पडले. नात्यापेक्षा गादी मोठी मानणारा हा बाप होता. मुलीने नाते आणि गादी दोन्ही हातात घेऊन हवे तसे वापरले.

राजारामाच्या राण्यांत आणखी एक नाव पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे, राजसबाई. ती कागलच्या घाटग्यांची. कागल कोल्हापूरच्या दक्षिणेला, बेळगावच्या वाटेवर, एसटीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. या गावाचे नाव पुढे दोनदा गादीच्या कागदांत येणार आहे.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम वारला, तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला आणि औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे सात वर्षे त्याच्या फौजांशी झुंज दिली. मोगलांचा इतिहासकार खाफीखान शत्रुपक्षाचा, पण तोही या बाईच्या हुशारीला आणि कारभाराला दाद देतो. ती लढाई मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून इथे ती पुरे. घरातली लढाई त्या मानाने कमी सांगितली जाते.

१७०७ साली मोगलांच्या कैदेतून संभाजीपुत्र शाहू सुटून आला. खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला आणि १७०८च्या आरंभी शाहूने साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. ताराबाईंनी हार मानली नाही. १७१०च्या सुमारास पन्हाळ्यावर त्यांनी वेगळी गादी मांडली. कोल्हापूरच्या राज्याची सुरुवात ती हीच. पन्हाळ्यावर ताराबाईंचा वाडा आजही उभा आहे आणि त्यात शाळा भरते.

चारच वर्षांत वाड्याचे फासे उलटले. १७१४ साली राजसबाईने आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाईंना त्यांच्या मुलासह कैदेत टाकले. मराठीत सवतीमत्सर हा शब्द स्वयंपाकघरातल्या भांडणासाठी वापरतात. इथे त्यातून राज्य उलटले. शिवाय कागलच्या लेकीचा मुलगा गादीवर आला तो पुढची सेहेचाळीस वर्षे. ताराबाईंचा मुलगा शिवाजी कैदेतच १७२६ साली देवीच्या आजाराने वारला.

इथे ताराबाईंचा वंश संपला असे सगळ्यांनी धरले. खुद्द ताराबाई गप्प राहिल्या. १७३०च्या वारणेकाठच्या लढाईत संभाजी हरला, ताराबाई शाहूच्या माणसांच्या हाती लागल्या आणि त्यांनी साताऱ्यास राहणे पत्करले. पुढच्या वर्षी वारणेच्या तहाने दोन गाद्यांची हद्द नदीवर ठरली. वीसएक वर्षे त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर, पुतण्याच्या आश्रयाला. त्यांच्याकडून आता कुणाला भीती वाटत नव्हती.

१७४९ साली शाहू महाराज आजारी पडले. मुलगा नव्हता. गादीला वारस कोण, यावरून दरबारात कुजबुज सुरू होती, आणि शाहूची राणी सकवारबाई कोल्हापूरच्या संभाजीचे नाव पुढे करत होती. म्हणजे सवतीचा मुलगा साताऱ्यासही येणार. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या ताराबाईंनी सांगितले की आपल्याला नातू आहे. शिवाजीची बायको भवानीबाई हिला झालेले मूल वैऱ्यांच्या भीतीने पन्हाळ्यावरून गुपचूप बाहेर काढले आणि बार्शीकडे पानगावला दर्याबाई निंबाळकर हिच्याकडे वाढवले. दर्याबाई ही ताराबाईंची नात, म्हणजे त्या मुलाची बहीण. तेवीस वर्षे ही गोष्ट घरातल्या बायकांनी पोटात ठेवली. ती खरी असो की रचलेली, ती सांभाळली बायकांनीच.

त्या मुलाचे नाव राजाराम, इतिहासातला रामराजा. शाहू डिसेंबर १७४९ मध्ये वारले आणि त्याला साताऱ्यास आणले. पण लोक बोलत होते. हा खरा कशावरून? ग्रँट डफने आपल्या इतिहासात दिले आहे की संशय फिटावा म्हणून ताराबाई फौजेच्या देखत त्याच्यासोबत जेवायला बसल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू असे त्यांनी सांगितले. डीएनए चाचणी तेव्हा नव्हती. अन्नाची शपथ होती, आणि ज्या समाजात कुणाच्या ताटाला ताट लावायचे हे जातीने, घराण्याने आणि सुतकाने ठरते, तिथे तो पुरावा साधा नव्हता. दुसऱ्याच्या पोराला ताटाशी बसवणे म्हणजे धर्म बुडवणे. सैन्याने ते मानले.

नातू मात्र आजीच्या मुठीत राहीना. त्याचा ओढा बाळाजी बाजीराव पेशव्याकडे होता. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि जाहीर केले की हा भोसल्यांचा नव्हेच, गोंधळ्याचा पोरगा आहे. पुढे १७५२ साली जेजुरीस खंडोबापुढे पेशव्याशी समेट झाला, तिथेही त्यांनी शपथेवर तेच सांगितले. एकाच आजीच्या दोन शपथा, एक अन्नावर आणि दुसरी देवावर, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट. पेशव्याने दुसरी शपथ ऐकून घेतली आणि रामराजाला छत्रपती म्हणून तसेच ठेवले. त्याला नामधारी राजा हवा होता. रक्त कुणाचे, हा प्रश्न त्याच्या कामाचा नव्हता.

मग खरे काय? पहिली शपथ ताराबाईंनी घेतली तेव्हा त्यांना वारस हवा होता आणि दुसरी घेतली तेव्हा वारस डोईजड झाला होता. दोन्ही वेळा फायदा त्यांचाच होता, त्यामुळे शपथेवरून निवाडा होत नाही. दुसरी गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. केवळ बाहुले हवे असते तर शाहूच्या हयातीत, त्याच्या डोळ्यांदेखत, इतका लांबचा आणि पडताळता येईल असा मुलगा पुढे करण्याचा धोका इतकी मुरलेली बाई घेती ना. पानगावला निंबाळकरांचे घर होते, शेजारीपाजारी होते, विचारपूस सहज होऊ शकत होती. रामराजा बहुधा खराच असावा. रागाच्या भरात आजीने स्वतःचा वंश स्वतःच्या तोंडाने पुसला, असे म्हणावे लागते.

९ डिसेंबर १७६१ला साताऱ्यास ताराबाई वारल्या. त्याच वर्षी पानिपत झाले आणि त्यानंतर त्यांचा वैरी पेशवाही गेला. दोन्ही पाहून त्या शहाऐंशीव्या वर्षी गेल्या. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्यांची समाधी आहे. रामराजा १७७७ला वारला, तोही दत्तक घेऊन. वावीच्या भोसल्यांचा मुलगा शाहू या नावाने बसला. नातू खरा धरला तरी साताऱ्याच्या गादीवरचे ताराबाईंचे रक्त तिथेच थांबले. गादी आणखी सत्तर वर्षे चालली. १८४८ साली छत्रपती शहाजी यांनी मरणाच्या दिवशी दत्तक घेतला, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो नामंजूर करून राज्य खालसा केले.

डलहौसीच्या मनातला नियम त्याच्या घरचाच होता. इंग्रज सरदारांच्या पदव्या बहुतेक औरस मुलाकडेच जातात. दत्तक घेतलेल्या मुलाला पदवी मिळत नाही, आजही नाही. काही मोजकी जुनी घराणी सोडली तर मुलीकडेही ती येत नाही. १८२६पासून निघणाऱ्या बर्कच्या सरदारकोशात अशी कित्येक घराणी आहेत, ज्यांच्या नावापुढे पदवी संपल्याची नोंद आहे आणि मुली मात्र चार-चार आहेत. खुद्द डलहौसीला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. थोरली लेक सुझन हिंदुस्थानात येऊन बापाच्या सोबतीला राहिली होती. १८६०ला तो वारला तेव्हा त्याची मार्क्विस ही पदवी त्याच्यासोबतच संपली आणि अर्लपद चुलतभावाकडे गेले. साताऱ्याला जो नियम लावला, त्याच नियमाने त्याचेही दार बंद झाले. साताऱ्याने निदान दत्तक घ्यायचा प्रयत्न तरी केला होता.

कोल्हापूर मात्र दत्तकावरच तरले, आणि ते तारण्याचे काम पुन्हा विधवांच्याच वाट्याला आले. १७६०च्या अखेरीस संभाजी निपुत्रिक वारला. पेशव्याचा डोळा राज्यावर होता. तेव्हा राणी जिजाबाईंनी, धाकटी सवत कुसाबाई गरोदर आहे असे जाहीर केले आणि वेळ काढला. मूल येणार असल्याच्या बातमीवर राज्य थांबून राहिले. तोवर पेशवा वारला आणि नव्या पेशव्याच्या, माधवरावाच्या संमतीने १७६२ साली खानवटच्या भोसल्यांतला एक लहान मुलगा दत्तक घेतला गेला. त्याचे नावही शिवाजीच ठेवले. १८१३ पर्यंत तो राज्यावर होता. राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली ती त्याच्याच काळात, १७८२ला. म्हणजे राजसबाईचे रक्तही त्या गादीवर सेहेचाळीस वर्षांच्या पुढे गेले नाही. सवतीसवतींचे भांडण जिंकले कुणी, हे विचारण्यात अर्थ राहिला नाही.

या घराण्याच्या पुढच्या दीड शतकात पुरुष चटाचट गळतात. १८६६ला बाबासाहेब महाराज वारले, तेव्हा त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला होता, पाटणकरांचा नागोजीराव, गादीवरचे नाव राजाराम. म्हणजे रक्त मागच्या दाराने, लेकीकडून परत आले. हा राजाराम इंग्लंड पाहून परतताना नोव्हेंबर १८७०मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारला, जेमतेम विशीचा. आर्नो नदीच्या काठी त्याचे दहन झाले आणि तिथे छत्रीखाली त्याचा अर्धपुतळा उभा आहे. पलीकडे बांधलेल्या पुलाला इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. छत्रीचा आराखडा करणारा चार्ल्स मँट पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणारा. राजारामामागून आलेला चौथा शिवाजी हाही दत्तकच. त्याच्या हालअपेष्टांविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’मध्ये लिहिल्याबद्दल टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हा राजा १८८३च्या नाताळात अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या सोल्जराशी झटापट होऊन मेला. विधवा आनंदीबाईंनी मूल शोधायचे होते.

ते मिळाले कागलात.

१७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईंनी कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा दहाव्या वर्षातला यशवंतराव दत्तक घेतला. नाव शाहू. पुढचे राजर्षी शाहू महाराज. घाटगे म्हणजे राजसबाईचे माहेर. ज्या घरातली लेक १७१४ साली ताराबाईंना बाजूला सारून गादीवर आपला मुलगा बसवून गेली, त्याच घरातला मुलगा एकशे सत्तर वर्षांनी दत्तकविधीने त्याच गादीवर आला. मधल्या काळात कागलच्या लेकी आणखी कुठे कुठे गेल्या, त्याचीही नोंद हवी. सखाराम घाटगे सर्जेरावांची मुलगी बायजाबाई १७९८ साली दौलतराव शिंद्यांना दिली आणि ग्वाल्हेरची राणी झाली. नवरा गेल्यावर १८३३पर्यंत तिने राज्य चालवले. तिच्या भावाचे नाव हिंदुराव. दिल्लीच्या टेकडीवर त्याचे घर होते आणि १८५७च्या वेढ्यात त्या घराभोवती तुंबळ लढाई झाली. आज तिथेच हिंदुराव रुग्णालय आहे. रोज हजारो दिल्लीकर ज्या नावाच्या पाटीखाली केसपेपर काढतात, ते नाव कागलचे हे त्यातल्या कितींना माहीत असेल!

शाहू महाराजांची आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांची. मुलगा जेमतेम तीन वर्षांचा असताना ती वारली. महाराजांनी आपल्या लेकीला तेच नाव दिले. ही राधाबाई, कोल्हापूरची अक्कासाहेब, देवासच्या तुकोजीराव पवारांना दिली. हा संसार टिकला नाही आणि अक्कासाहेब माहेरी परतल्या. तुकोजीरावांकडे १९२१ साली सेक्रेटरी म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर राहिला होता आणि त्या दरबाराची हकीकत त्याने पुढे पुस्तकरूपाने छापली. तुटलेल्या संसारातला मुलगा विक्रमसिंह देवासला वाढला आणि तिथला राजाही झाला.

कोल्हापुरात १९४०ला राजर्षींचे पुत्र राजाराम महाराज वारले. त्यांना मुलगी होती, मुलगा नव्हता. राणीसाहेब बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात. सासरचे नाव ताराबाई. पहिल्या ताराबाईंना जाऊन १७९ वर्षे झाली होती आणि त्याच नावाच्या विधवेपुढे तोच प्रश्न आला. त्यांनी एक लहान मुलगा दत्तक घेतला, शिवाजी नावाने. तो १९४६ला वारला. मग त्यांनी १९४७ साली नणंदेच्या मुलाला, देवासच्या विक्रमसिंहांना बोलावले. शहाजी नावाने ते कोल्हापूरचे शेवटचे सत्ताधारी छत्रपती झाले, कारण मार्च १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

शहाजी महाराजांच्या वेळीही गादीला वारस दत्तकच आला. १९६२ला त्यांनी दत्तक घेतला तो स्वतःचा नातू, लेक शालिनीराजे यांचा नागपूरकर भोसल्यांकडचा मुलगा. रंकाळ्याकाठी ज्या इमारतीचा मनोरा पाण्यात दिसतो, ती शालिनी पॅलेस याच मुलीच्या नावाने. त्या दत्तकावरून कोल्हापुरात तेव्हा मोर्चे निघाले. जनतेला राजा नको होता असे नाही. तो कुणाचा, यात आपले मत विचारले जावे, असे तिला वाटत होते. तोच मुलगा, म्हणजे शाहू छत्रपती, २०२४ला लोकसभेला उभा राहिला तेव्हा प्रचारात ‘दत्तक’ हा शब्द पुन्हा निघाला आणि खरा वारस कोण यावर आठवडाभर सभा झाल्या. मतमोजणीत ते निवडून आले.

घाटगे म्हणून जन्मलेल्या राजर्षींपासून लेक राधाबाई, तिचा मुलगा शहाजी, त्याची लेक शालिनी, तिचा मुलगा शाहू, अशी ही साखळी आहे. एक आड एक लेक. कागदावर मधे तीन दत्तकपत्रे आहेत, म्हणून गादी बापाकडून मुलाकडे आल्यासारखी दिसते. दसऱ्याला संध्याकाळी छत्रपतींची मेबॅक गाडी दसरा चौकात येते, शमीपूजन होते आणि लोक सोने लुटतात. त्या गाडीच्या वाटेवर भवानी मंडप आहे, राजर्षींचा पुतळा आहे. कावळा नाका मात्र त्या वाटेवर नाही.